नाकाची वाट आणि जिवंत देठ

मेहरूणची बोरे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाहीत? परंतु ज्याने बोरीची बाग लावली आहे त्याला हेही ठाऊक असते, की हे गोड बोर नुसती बी पेरून हाती येत नाही. रानबोरीच्या खुंटावर चांगल्या झाडाचा डोळा भरावा लागतो. हा डोळा आपल्या मूळ झाडापासून पुरता तुटलेला असतो. खुंटाचा रस त्याला वेळेवर मिळाला तर तो जगतो, नाही तर दोन-चार दिवसांत वाळून जातो. आंब्याच्या भेट कलमाची रीत याहून निराळी आहे. तेथे फांदी आईच्या झाडाला जोडलेलीच ठेवतात, रोपाची आणि तिची साल थोडी तासून दोघींना एकमेकींशी बांधतात, आणि सांधा जुळल्याची खात्री झाल्यावरच फांदी आईपासून कापतात. तोपर्यंत आईचा रस तिला मिळत राहतो.

आजचा विषय बागाइतीचा नाही, शस्त्रक्रियेचा आहे. मस्तकाच्या तळाशी वाढणाऱ्या गाठी कवटी न उघडता, नाकपुडीतून दुर्बीण घालून काढण्याची जी पद्धत आज रूढ झाली आहे, तिचा इतिहास मला सांगावयाचा आहे. परंतु डोळा भरणे आणि भेट कलम यांतील हा भेद आपण ध्यानात ठेवावा. या इतिहासाची किल्ली त्यातच आहे.

प्रथम ही वाट कोठून कोठे जाते ते पाहू. नाकपुडीतून सरळ मागे गेले, की नाकाच्या पोकळीच्या शेवटी जतुकास्थी नावाचे हाड लागते. जतुका म्हणजे वटवाघूळ. पंख पसरलेल्या वटवाघळासारखा त्याचा आकार, म्हणून हे नाव. हे हाड मध्यभागी पोकळ असते आणि त्या पोकळीच्या वरच्या अंगाला खोगिरासारखा एक खळगा असतो. त्या खळग्यात पीयूषिका ग्रंथी बसलेली असते. डॉक्टर तिला पिट्यूटरी म्हणतात. आकार हरभऱ्याएवढा, वजन सुमारे अर्धा ग्रॅम. परंतु अंगाची वाढ, स्त्रीची मासिक पाळी, आईचे दूध, थायरॉइडचे काम, अशा अनेक गोष्टींवर तिची हुकमत चालते. तिच्या किंचित वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना भेटतात, तो दृष्टीचा चौक. तिच्या दोन्ही अंगांना मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या धमन्या. तिळभर जागेत केवढी ही दाटी!

या ठिकाणी ज्या गाठी होतात त्यांतील बहुतेक कर्करोगाच्या नसतात. तरी त्या निरुपद्रवी नव्हेत. गाठ वर सरकली, की दृष्टीच्या चौकावर दाब येतो आणि दोन्ही बाजूंच्या कडेचे दिसेनासे होते. समोरचे मात्र स्वच्छ दिसते. अशा गाडीवानाला पुढचा रस्ता दिसतो, बैलांची शिंगे दिसतात, पण डाव्या-उजव्या अंगाने आलेली मोटार दिसत नाही. तो डोळ्यांना दोष देतो, चष्म्याचा नंबर बदलून घेतो, आणि गाठ आपली वाढत राहते. काही गाठी वाढीचे द्रव्य अतोनात निर्माण करतात. मग बोटातली अंगठी निघेनाशी होते, वहाणेचे माप वाढते, जबडा पुढे येतो. हे सारे इतके सावकाश घडते, की घरच्यांनाही दिसत नाही. जुने छायाचित्र हाती लागले म्हणजे मग चमकायला होते.

येथे पोचण्याच्या वाटा दोन. एक वरून, कवटी उघडून आणि मेंदू हलकेच बाजूला सारून. दुसरी खालून, नाकातून. खालची वाट जवळची, हे उघड आहे आणि ते फार जुन्या काळापासून माणसाला ठाऊकही आहे. प्राचीन मिसर देशात प्रेते टिकवून ठेवणारे कारागीर आकडा घालून नाकाच्या वाटेनेच मेंदू बाहेर काढीत. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने तसे लिहून ठेवले आहे. परंतु ते मृताचे काम होते. मृताला उघडलेले दार पुन्हा लावून घेण्याची गरज नसते. जिवंताला असते, आणि सारी अडचण तेथेच आहे.

मेंदू पाण्यात तरंगत असतो. त्याच्याभोवतीचे आणि पाठीच्या कण्यातले हे पाणी सुमारे दीडशे मिलिलिटर भरते. शरीर ते दिवसाकाठी सुमारे पाचशे मिलिलिटर नवे तयार करते आणि जुने शोषून घेते. या पाण्याला आवर घालणारे एक मजबूत आवरण मेंदूभोवती असते. मस्तकाच्या तळाचे हाड फोडून हे आवरण कापले, की पाण्याला नाकात उतरण्यास वाट मिळते. पाणी खाली उतरते त्याच वाटेने नाकातले जंतू वर चढतात आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणतात. तेव्हा गाठ काढणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे भगदाड बुजवणे. या शस्त्रक्रियेचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन अर्ध्यांची ओढाताण आहे.

१९०७ साली इन्सब्रुक येथे हेर्मान श्लोफर या शस्त्रवैद्याने जिवंत माणसाच्या पीयूषिकेची गाठ प्रथमच नाकाच्या मार्गाने काढली. त्यासाठी त्याला रोग्याचे नाक मुळापासून सोडवून एका बाजूला वळवावे लागले. रोगी शस्त्रक्रियेतून वाचला, पण अडीच महिन्यांनी दगावला. गाठीचा बराच भाग आत राहिला होता. १९१० मध्ये व्हिएन्नाच्या ऑस्कर हिर्श याने नाक न वळवता, नाकपुडीच्या आतूनच ही वाट काढली. हिर्श नाक-कान-घशाचा वैद्य होता. त्याच सुमारास अमेरिकेत हार्वे कुशिंग हे काम करू लागला. १९१० ते १९२५ या काळात त्याने या मार्गाने २३१ शस्त्रक्रिया केल्या आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा ५.६ इतके खाली आणले. जंतुनाशक औषधे हाताशी नसलेल्या त्या काळात हा आकडा थक्क करणारा आहे.

आणि तरीही पुढे कुशिंगने ही वाट सोडली. खोल, अरुंद बोगद्यात उजेड पुरत नव्हता, वर पसरलेली गाठ दिसत नव्हती, गाठी पुन्हा वाढत होत्या. वरून कवटी उघडून जाण्यात त्याचा हात बसला होता आणि दृष्टी वाचवण्याची खात्री तेथे त्याला अधिक वाटू लागली. त्याचा शब्द त्या काळी प्रमाण होता. गुरूने वाट सोडली तशी बहुतेकांनी सोडली. व्हिएन्नाचा हिर्श आपल्या वाटेवर टिकून राहिला, पण १९३८ मध्ये नाझी राजवटीमुळे त्याला देश सोडून अमेरिकेत बोस्टन गाठावे लागले. एडिंबराचा नॉर्मन डॉट १९२३ च्या सुमारास कुशिंगपाशी शिकला होता. तो मायदेशी परतल्यावर हेच काम जपत राहिला. १९५६ मध्ये पॅरिसच्या जेरार गियो याने डॉटचे काम पाहिले आणि फ्रान्समध्ये ते सुरू केले. गियोकडून ते माँट्रियलच्या ज्यूल हार्डीने घेतले आणि १९६० नंतरच्या दशकात त्याला शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. मोठी विद्या कधी कधी दोन-चार माणसांच्या हातावर कशी तगून राहते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

सूक्ष्मदर्शक आला तरी एक उणीव उरली. तो बाहेर, रोग्याच्या नाकासमोर असतो. दाराच्या फटीतून खोली पाहिली तर समोरची भिंत दिसते, कोपरे दिसत नाहीत. कोपरे पाहण्यासाठी डोळाच आत न्यायला हवा. ही सोय हॅरल्ड हॉपकिन्स या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने केली. जुन्या दुर्बिणीच्या नळीत मोठ्या पोकळीत अंतराअंतरावर लहान भिंगे बसवलेली असत. हॉपकिन्सने १९५९ च्या सुमारास ही रचना उलटी केली. नळी काचेच्या दांड्यांनी भरून काढली आणि मध्ये हवेची लहानशी जागाच तेवढी ठेवली. उजेड कितीतरी अधिक आत जाऊ लागला, चित्र लख्ख झाले. जर्मनीच्या कार्ल श्टोर्ट्‌झ याने अशा दुर्बिणी बाजारात आणल्या. नाकात वापरतात ती दुर्बीण चार मिलिमीटर जाडीची, म्हणजे पेन्सिलीहूनही बारीक. ग्राट्‌सचा मेसरक्लिंगर आणि त्याचे अनुयायी यांनी तिने नाकाच्या पोकळ्यांचे आजार बरे करण्याचे शास्त्र उभारले. १९९२ मध्ये फ्रान्समध्ये यान्कोव्‌स्की व सहकाऱ्यांनी पीयूषिकेच्या गाठी केवळ दुर्बिणीच्या साहाय्याने काढल्याचे प्रसिद्ध केले. १९९७ मध्ये पिट्सबर्गच्या जो आणि काराउ यांनी पन्नास रोग्यांचा अनुभव मांडला. जो मेंदूचा शस्त्रवैद्य, काराउ नाक-घशाचा. तेव्हापासून या कामात दोन शाखांचे वैद्य एकाच रोग्यापाशी उभे राहू लागले. एकाने दुर्बीण धरावी, दुसऱ्याने दोन्ही हातांनी काम करावे, अशी ही चार हातांची शस्त्रक्रिया आहे.

मग धिटाई वाढली. केवळ पीयूषिकेच्या खळग्यापुरते न थांबता त्याच्या पुढच्या, मागच्या आणि खालच्या गाठींपर्यंत हे वैद्य पोचू लागले. अगदी कपाळामागच्या हाडापासून मानेच्या वरच्या मणक्यापर्यंत मस्तकाचा सारा तळ नाकातून आवाक्यात आला. परंतु दार जेवढे मोठे, तेवढे ते लावणे कठीण. भगदाड बुजवण्यासाठी मांडीचे पातळ पटल आणि पोटाची चरबी घेऊन आत बसवीत. हे तुकडे आपल्या जागेपासून पुरते तुटलेले असत. लहान भोकाला ते पुरत. मोठ्या भगदाडावर मात्र, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला नाकातली हवा असताना, त्यांना रस मिळेना. मोठ्या शस्त्रक्रियांनंतर पाचांतील एकाच्या, कधी त्याहूनही अधिकांच्या नाकातून मेंदूचे पाणी गळू लागे. ज्यांनी बोरीचा डोळा वाळलेला पाहिला आहे त्यांना या अपयशाचे कारण समजावून सांगावयास नको.

भगदाड बुजवण्याचे हे कोडे पुढे कसे सुटले ते सांगण्यापूर्वी मी आपल्याला सव्वादोनशे वर्षे मागे, पेशव्यांच्या पुण्यास नेणार आहे. कारण जे तत्त्व येथे कामी आले, ते पुण्याजवळ एका माणसाच्या हातात होते, आणि त्याची लेखी साक्ष उपलब्ध आहे.

१७९२ मध्ये संपलेल्या इंग्रज-म्हैसूर युद्धात कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजांच्या लष्कराबरोबर बैल हाकीत होता. नाव पारशी वळणाचे वाटते, परंतु बातमीत तो मराठा शेतकरी असल्याचे म्हटले आहे. तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात तोडण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग १७९३ मध्ये पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी ही क्रिया होताना पाहिली होती. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात तिची हकीकत चित्रासह छापून आली.

क्रिया अशी. प्रथम मेणाचे नाक घडवून तुटक्या नाकावर बसवून पाहावयाचे. मग ते मेण चपटे करून कपाळावर ठेवावयाचे आणि त्याच्याभोवती रेघ ओढावयाची. त्या रेघेप्रमाणे कपाळाची त्वचा सोडवावयाची. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी न कापता तशीच ठेवावयाची. सोडवलेली त्वचा त्या पट्टीवर अर्धा वेढा देऊन खाली वळवावयाची आणि तुटक्या नाकाची कड ताजी करून तीत बसवावयाची. सांध्यावर पाण्यात भिजवलेल्या काथाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेली फडकी. आणि ती मधली पट्टी? ती सुमारे पंचविसाव्या दिवशी कापावयाची, त्याआधी नाही. कारण सांधा जुळेपर्यंत नव्या नाकाला रक्त तिच्यातूनच मिळते. त्या इंग्रजी मजकुरातही हे कारण स्वच्छ दिले आहे.

श्रोतेहो, हे भेट कलमच नव्हे काय? फांदी आईपासून तोडू नका, देठ जिवंत ठेवा, सांधा जुळला की मग कापा.

ही हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने बरीच वर्षे प्रेतांवर सराव केला. १८१४ मध्ये त्याने पहिल्या जिवंत रोग्यावर ही क्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. तेथून ती युरोपभर गेली. अपघाताने किंवा कर्करोगाने नाक गमावलेल्या माणसाला आजही कपाळाच्या त्वचेने नाक करून देतात.

आता कोड्याचे उत्तर. अर्जेंटिनातील रोसारिओ येथील आदाद आणि बासागास्तेगी या वैद्यांनी एक युक्ती योजिली आणि २००६ मध्ये पिट्सबर्गच्या मंडळींसह ती प्रसिद्ध केली. दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यावर जे ओले अस्तर असते ते त्यांनी हाडापासून सोडवले. मात्र मागच्या टोकाशी, जेथून रक्ताची धमनी त्यात शिरते, तेथे देठ तसाच ठेवला. गाठ काढून होईपर्यंत हे अस्तर घशाच्या बाजूला सारून ठेवावयाचे आणि शेवटी वर वळवून भगदाडावर पसरावयाचे. अस्तर जिवंत असल्यामुळे ते लवकर जुळते. मोठ्या शस्त्रक्रियांनंतरचे पाणी गळण्याचे प्रमाण या युक्तीने शेकडा पाचाच्या आसपास उतरले. दुर्बिणीने दार उघडले होते; ते लावण्याचे काम या अस्तराने केले.

परंतु हे अस्तर कधी कधी उपलब्ध नसते. आधीच्या शस्त्रक्रियेत ते गेलेले असते किंवा रोगाने ग्रासलेले असते. अशा वेळी काय करावे? २००९ मध्ये अमेरिकेतील शस्त्रवैद्यांनी एक उपाय प्रसिद्ध केला. कपाळाच्या त्वचेखाली, कवटीच्या हाडाला लागून जे पातळ पटल असते ते दुर्बिणीने सोडवावयाचे, त्याचा देठ भुवयांपाशी ठेवावयाचा, नाकाच्या मुळाशी हाडात एक फट पाडून ते पटल आत घ्यावयाचे आणि मस्तकाच्या तळावर अंथरावयाचे. या पटलाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या भुवयांपासून कपाळावर चढतात. त्यांतली आतली धमनी ती, जिच्या जोरावर डोळ्यांमधल्या अरुंद पट्टीतून कावसजीचे नाक जगले. पुण्यात कपाळाच्या देठाने नाक बांधले गेले. आता त्याच देठाने नाकातून मेंदूचे दार लावले जाते.

यावरून 'सारे काही आमच्या पूर्वजांना ठाऊक होते' असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. पुण्याच्या त्या कारागिराला पीयूषिका ठाऊक नव्हती, आणि रोसारिओचे वैद्य मेणाचे नाक समोर ठेवून बसले नव्हते. सरळ वंशावळ जोडण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची क्रिया आहे, पण ती गालाच्या त्वचेची आहे, कपाळाच्या नव्हे. मधल्या शतकांत कोणा हातांनी गाल सोडून कपाळ धरले. ते हात कोणाचे?

येथे माझ्या मनाला खरी टोचणी लागते. त्या बातमीत गाडीवानाचे नाव आहे, पाहणाऱ्या दोन्ही साहेबांची नावे आहेत. ज्याने नाक केले त्याचे नाव नाही. तो विटा भाजणाऱ्यांच्या जातीचा होता, एवढेच म्हटले आहे. म्हणजे बहुधा कुंभार. त्याचे काम लंडनला पोचले ते एका पाहणाऱ्याने लिहिले म्हणून. आपल्याकडे शास्त्र जाणणाऱ्याने सुरीला हात लावावयाचा नाही आणि सुरी धरणाऱ्याने लेखणी धरावयाची नाही, असा प्रकार फार काळ चालला. विद्या हातात राहिली आणि हाताबरोबर गेली. श्लोफरचा रोगी दगावला, तरी श्लोफरने लिहून ठेवले. म्हणून पुढच्याला त्याच्या चुकेपासून आरंभ करता आला. विद्येलाही देठ लागतो. लेखन हा तो देठ आहे.

आज आपल्याकडे हे लेखन होते, ही समाधानाची गोष्ट. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये पीयूषिकेच्या ११८ महाकाय गाठींवरील शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. अशा कामाकडे जगभरचे शस्त्रवैद्य पाहतात. महाकाय म्हणजे चार सेंटिमीटरांहून मोठी, हरभऱ्याच्या जागी लिंबाएवढी. या आकड्याचा अभिमान वाटावा, आणि थोडे वाईटही वाटावे. गाठ एवढी होईपर्यंत माणसाने किती वर्षे काढली असतील! आपल्या खानदेशात धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय बऱ्याच वर्षांपासून आणि जळगावचे २०१८ पासून आहे. पहिली शंका येण्यासाठी आता मुंबईची गाडी धरावी लागू नये.

ती शंका आपल्यालाही घेता आली पाहिजे. कडेचे दिसेनासे झाले, अंगठी आणि वहाण लहान पडू लागली, बाळंतपण नसता दूध येऊ लागले, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. डोक्याला मार लागल्यावर किंवा अशा शस्त्रक्रियेनंतर, खाली वाकताच एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपटपू लागले, तर ती सर्दी समजून घरी बसू नये. आणि नाकातून शस्त्रक्रिया म्हणताच ती सोपी, असेही मानू नये. दोन्ही बाजूंना त्या मोठ्या धमन्या आहेतच. काही दिवस नाकात खपल्या धरतात, कोणाचा वास कमी होतो. काही गाठींना आजही वरचीच वाट योग्य असते; वाट कोणती हे गाठ ठरवते, आपली हौस नव्हे. कुशिंगने वाट सोडली ती दुराग्रहाने नव्हे. त्याच्या हाती असलेल्या उजेडात त्याला जे रोग्याच्या हिताचे दिसले, ते त्याने केले. पुढच्यांनी उजेड वाढवला.

पुढच्या हिवाळ्यात मेहरूणच्या बोरांची पाटी आपल्या दारी येईल. तेव्हा ज्याने रानबोरीवर तो डोळा भरला, त्या माळ्याचे नाव आपल्याला ठाऊक नसेल. पुण्याच्या त्या कुंभाराचेही नाही. नावे गेली ती आता परत येणार नाहीत. परंतु आपल्या गावात आज ज्यांच्या हातात काही कसब आहे, त्यांच्यापाशी बसून ते विचारून घेणे आणि नावानिशी लिहून ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.